२०२७ चं खग्रास सूर्यग्रहण: लक्सरला जावं की माहुलीच्या घाटावर जप करावा? अनुभवी मंडळींनी लिहावं

वाईची_लेक (धागाकर्ती), सातारा

नमस्कार मंडळी,

२ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे. सावलीचा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा जातो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था तब्बल ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे. याहून लांब खग्रास थेट २११४ मध्ये, म्हणजे इथल्या कुणाच्याच नशिबात नाही. आमचं जायचं जवळजवळ ठरतंय. घरात मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझी आई.

प्रश्न आईचा आहे. तिचं माहेर वाईचं. ग्रहणात कृष्णेच्या घाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप करणारी माणसं पाहत ती मोठी झाली. आता साताऱ्यात असली की संगम माहुलीला जाते. स्पर्शाला, म्हणजे ग्रहण लागताना, स्नान, मग मोक्षापर्यंत, म्हणजे ते सुटेपर्यंत, माळ खाली ठेवत नाही. मी लक्सरचं नाव काढलं तर म्हणाली, "जप करायला कृष्णामाई सोडून नाईलवर कशाला जायचं?" ती रागावली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. इथल्या खंडग्रास ग्रहणातही माझं मन वेगळंच शांत होतं. ज्यांनी खग्रास प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सांगा, त्या मिनिटांत आत काय होतं? जप होतो का? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढ्या लांब न्यावं, असं त्यात काही आहे का? एका सहल कंपनीच्या पत्रकात लक्सरच्या 'कार्नाकच्या मंदिरात ग्रहणकाळी ऊर्जाग्रहण' असा जादा पैशांचा कार्यक्रमही दिलाय. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावं.

जुना_खगोली, सांगली

ताई, सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

१६ फेब्रुवारी १९८० ला खग्रासाचा पट्टा आपल्यापासून फार लांब नव्हता. अंकोला, हुबळी, गदग, रायचूर करत तो ओडिशाच्या किनाऱ्यावर कोणार्ककडे गेला. आम्ही कॉलेजचे मित्र मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनं हुबळीला गेलो आणि तिथून गदगच्या बाजूला एका माळावर मुक्काम टाकला. शनिवार होता. दुपारी वाटेतलं गाव ओलांडलं तेव्हा दुकानं बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या दिवशी देशात ठिकठिकाणी हेच चित्र होतं. सावली डोक्यावरून गेली आणि लाखो लोक घरात बसून राहिले, याची खंत मला अजून आहे.

आता काय दिसतं ते. पहिला तासभर चष्म्यातून सूर्याचा लचका वाढत जाताना दिसतो, बाकी विशेष काही नाही. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उजेडच बदलतो. संध्याकाळचा उजेड तांबूस असतो, हा तसा नसतो. राखाडी, निळसर, आणि सावल्या मात्र इतक्या धारदार की माझ्या हाताच्या सावलीत मनगटावरचा केस न् केस सुटा दिसत होता. बाभळीच्या खाली जमीनभर चंद्रकोरी पडल्या होत्या. पानांमधल्या प्रत्येक फटीतून सूर्याचं एकेक चित्र उमटतं, त्याच्या त्या कोरी. वारा गार झाला. शेळ्या चरायच्या थांबून एकमेकींना चिकटल्या. कुणीतरी पांढरं धोतर अंथरलं होतं, त्यावरून छायापट्टे सरकायला लागले, विहिरीच्या भिंतीवर पाण्याचे कवडसे हलतात तसे. मग पश्चिमेकडून अंधार आला. आला म्हणजे अक्षरशः चालून आला, क्षितिजावर दिसत होता. सूर्याची कड तुटून मणी झाले, एकच मणी उरला, तो झगमगला आणि विझला.

तिथे सूर्य नव्हता. काळी तबकडी होती आणि तिच्या चारी बाजूंनी पांढरं प्रभामंडल पसरलेलं. ते वर्ष सौरडागांच्या कमाल काळातलं, म्हणून ते सगळीकडे सारखं फुललेलं होतं. २४ ऑक्टोबर १९९५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी फत्तेपूर सिक्रीला होतो. तेव्हा सौरडाग कमी होते, तर प्रभामंडल दोन बाजूंना लांब ओढलेलं दिसलं. खग्रास मिनिटभरही नव्हतं. पण हे तेज एरवीही तिथेच असतं, सूर्याच्या झोतात ते आपल्याला दिसत नाही, हे तेव्हा मला जे कळलं ते पुस्तकातून कळलं नव्हतं.

जप होतो का, विचारलंत. गदगच्या माळावर आमच्यासोबत एक सर होते. रोज संध्या करणारे, गायत्रीचे उपासक. ते हात जोडून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत नव्हते. नंतर म्हणाले, मंत्र आठवलाच नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आईंना न्याच.

राजवाड्यासमोर, सातारा

मी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतला माणूस. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, त्यांच्यासोबत ग्रहणात चौकात उभं राहून लोकांना चहा-पोहे देण्याचे कार्यक्रम आम्ही केलेत, तेव्हा माझी बाजू कोणती ते उघड आहे.

त्या पत्रकातल्या कार्यक्रमाला एक रुपयाही देऊ नका. ग्रहणाच्या वेळी आकाशातून जास्तीचं काही खाली येत नाही, उलट सूर्याकडून येणारा प्रकाश आणि उष्णता कमी होते. चंद्र दर अमावास्येला सूर्याच्या बाजूलाच असतो, त्या दिवशी तो नेमका आडवा येतो, एवढंच. कार्नाकच्या खांबांमध्ये उभं राहिलं काय आणि शेजारच्या उसाच्या शेतात उभं राहिलं काय, सावली तीच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे गरोदर बाईला ग्रहणात तासन् तास एका जागी बसवतात. सुरी धरायची नाही, कुशीवर वळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मूल व्यंग घेऊन जन्माला आलं की दोष तिच्या माथी. असल्या बाईची समजूत काढायला मी घरोघर गेलोय. अध्यात्माच्या नावाखाली ही भीती पुन्हा मागच्या दाराने आत येऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

मात्र जुना_खगोलींनी लिहिलंय त्यातल्या अक्षरालाही माझा आक्षेप नाही. माणसाचा ऊर भरून येतो हे खरंच आहे, त्याला वैज्ञानिक परवानगी लागत नाही. मीही ग्रहण बघायला जाणार आणि आई माळ घेऊन शेजारी बसल्या तर मला आनंदच होईल.

हरिपूरकर, सांगली

आमच्याकडे पिढीजात पंचांग आणि पौरोहित्य. हरिपूरच्या संगमावर ग्रहणाचं स्नान-दान मी लहानपणापासून पाहत आलोय. आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ग्रहणासाठी प्रवास करणं आपल्याकडे नवं नाही. भागवताच्या दशम स्कंधात ८२ वा अध्याय वाचा. मोठं सूर्यग्रहण येणार हे लोकांना आधीच कळलं आणि देशोदेशीची माणसं समंतपंचकाला, म्हणजे कुरुक्षेत्राला, निघाली. श्रीकृष्ण आणि बलराम सगळ्या यादवांसह द्वारकेहून तिथे आले. नंद, यशोदा, गोपी, कुंती, पांडव, सगळ्यांची भेट त्या ग्रहणयात्रेत झाली. वृंदावन सोडल्यानंतर यशोदेला तिचा कृष्ण भेटला तो ग्रहणाला. द्वारका ते कुरुक्षेत्र हे काही दोन गल्ल्यांचं अंतर नाही. आजही सूर्यग्रहणाला कुरुक्षेत्राच्या ब्रह्मसरोवरावर लाखो लोक स्नानाला जमतात.

तेव्हा, 'ग्रहणात घराबाहेर पडू नये' ही आपल्या परंपरेची एक बाजू झाली. 'ग्रहणात नदीवर जावं, उघड्या आकाशाखाली उभं राहावं, जप करावा, दान द्यावं' ही दुसरी, आणि ती तितकीच जुनी आहे. आईंनी दुसरीच आयुष्यभर पाळलीय.

राजवाड्यासमोर यांना एक सांगतो. चंद्र सूर्याला झाकतो हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय आणि पंचांगातलं ग्रहण आम्ही त्याच गणिताने काढतो. राहूची कथा सांगणारा आणि गणित करणारा एकाच घरात राहत आलाय. गर्भवतीच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. धर्मशास्त्रानेही बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधाची, म्हणजे ग्रहणाआधीच्या उपासाची, सवलत दिलेली आहे, लोक ती सांगत नाहीत.

आता त्या दिवसाचं. २ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे आणि आषाढ अमावास्या. म्हणजे सोमवती आणि दीप अमावास्या एकत्र. जेजुरीला खंडोबाची सोमवतीची यात्रा असेल, घराघरात दिव्यांची पूजा असेल आणि दुपारनंतर आपल्याकडेही खंडग्रास ग्रहण असेल. योग मोठा आहे. ग्रहण जिथे दिसतं तिथे पर्वकाळ, हा नियम. त्यामुळे लक्सरला पर्वकाळ तिथल्या वेळेनं धरायचा. स्पर्शाला स्नान, मग जप, मोक्षानंतर पुन्हा स्नान आणि दान. नदी नाईल असली म्हणून अडत नाही. स्नान करताना आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी यांना घरच्या बादलीत बोलावतोच की!

वाईची_लेक

हरिपूरकर काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. यशोदेचा उल्लेख आला तिथे तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. तिने भागवत ऐकलंय, पण ही भेट ग्रहणाला झाली हे तिच्या लक्षातून गेलं होतं.

तिच्या दोन शंका: दीप अमावास्येच्या कणकेच्या दिव्यांचं काय करायचं? आणि पर्वकाळात ती पाणीसुद्धा पीत नाही, ते तिथे कसं जमणार?

नेत्रतज्ज्ञ_विटा

पाण्याबद्दल मी लिहितो, डॉक्टर म्हणून. लक्सरला ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान ४० अंशांच्या वर असतं. ग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत अडीच-पावणेतीन तास चालेल आणि खग्रास भर दुपारी, एकच्या सुमारास. सत्तरीच्या माणसाने त्या उन्हात निर्जळी राहणं धोक्याचं आहे. चक्कर येईल, रक्तदाब खाली जाईल. आईंनी पाणी प्यायचं, मीठ-साखर-लिंबू घालून प्यायचं, आणि खग्रासाच्या अर्धा तास आधीपर्यंत सावलीत बसायचं. यात तडजोड नको.

आता डोळे. सूर्याची बारीकशी कड जरी उघडी असेल तरी चष्मा डोळ्यांवर हवाच. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेलं असावं आणि फिल्मवर ओरखडा नसावा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, हे सगळं बाद. पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळत नाही. जळतं तेव्हा काही जाणवत नाही, काही तासांनी मधोमध काळा डाग दिसायला लागतो आणि तो कायमचाही राहू शकतो. दुर्बिणीवर चष्मा लावून बघू नका, फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लागतो.

सूर्य पूर्ण झाकला, हिऱ्याची अंगठी, म्हणजे तो शेवटचा झगमगता मणी, विझली की मात्र चष्मा काढायचा. भीतीपोटी काही लोक तेव्हाही चष्मा लावून बसतात आणि त्यांना काळोखाखेरीज काही दिसत नाही. ती सहा मिनिटं उघड्या डोळ्यांनी पाहायचीच आहेत. पहिला मणी पुन्हा चमकला की लगेच चष्मा. आईंच्या बाजूला बसून हे सांगायला एक माणूस नेमून ठेवा.

हरिपूरकर

डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन. प्राण राखून धर्म, हाच क्रम आहे. आईंनी पाण्यात तुळशीपत्र घालावं आणि निःशंक प्यावं. दीपपूजनाला वेधाची अडचण नाही, वेधात स्नान-पूजा-जप करता येतात, फक्त जेवण नको. दिव्यांची पूजा सकाळी करा आणि कणकेचे गोड दिवे मोक्षस्नानानंतर उकडा. तिथल्या हॉटेलात ते जमणार नसेल तर निघण्यापूर्वी घरातली समई, निरांजनं घासून ठेवा आणि त्या सकाळी शेजारणीला आपल्या घरी दिवा लावायला सांगा.

माणगंगा, आटपाडी

आमच्याकडं गिराण म्हंजी अजूनबी मोठा दीस. माझी आज्जी सूप भरून धान्य दारात घिऊन बसायची. गल्लीतनं आरोळी यायची, "दे दान, सुटे गिराण!" की पसा-पसा वाढायची. त्या दिवशी मागाय आलेल्याला कुणी रिकाम्या हातानं लावायचं न्हाई. आमचा भाग दुष्काळी, घरात दाणा मोजून असायचा, तरीबी वाढायची. सूर्व्यावर संकट आलंय तर आपण कायतरी सोडलं पायजे, एवढंच तिला ठावं.

ताई, आईला घिऊन जावा, पर तिथं कुणाला तरी दान द्यायचं इसरू नका. त्याबिगर गिराण सुटत न्हाई.

प्रीतिसंगम, कऱ्हाड

माणगंगा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

मी वेगळी माहिती देतो, कारण खग्रास म्हटलं की सगळ्यांना परदेशच आठवतो. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाहून सह्याद्री चढून आपल्या कऱ्हाडवरून पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे आणि तिथून विदर्भात गेला. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी रेघ मारा, कऱ्हाड जवळजवळ तिच्यावरच येतं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर दुपारी सूर्य पूर्ण झाकला गेला होता. आधीचं वर्ष दुष्काळाचं, पुण्या-मुंबईकडे प्लेग पसरलेला. त्या हालातल्या माणसांनी भर दुपारी चांदण्या पाहिल्या असतील तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी घाटावर बसून पुष्कळदा विचार करतो.

विजयदुर्गावर तेव्हा इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आले होते, ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला. जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि आपल्या पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला. एक हिंदी शास्त्रज्ञ आपल्या तुकडीसह जगातल्या मोठ्या वेधशाळांच्या बरोबरीने माळरानावर उभा राहून प्रभामंडलाचा वर्णपट घेतोय, हे शाळेत कधी शिकवलंच नाही.

सांगलीकरांसाठी: १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, म्हणजे सांगली-मिरजेच्या भाऊबंदांचं. त्याच ग्रहणाला गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटात पाहिलेल्या पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमची ओळख पटली. विजयदुर्गावर हेलियमचा दिवस साजरा होतो तो १८ ऑगस्टला. पण लॉकियर स्वतः तिथे आले ते १८९८ ला, हेही लक्षात असू द्या.

एका ठिकाणी खग्रास परत यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. कऱ्हाडच्या वाट्याचं येऊन गेलं. आता सावलीकडे आपणच जायला हवं.

शाहूपुरी, सातारा

२००९ चं मी लिहितो. २२ जुलैला पहाटे आम्ही सुरतेला होतो. रात्रभर पाऊस. सकाळी सव्वासहाच्या पुढे तीन मिनिटांहून थोडं जास्त खग्रास होतं आणि आकाशात ढगांखेरीज काही नव्हतं. तरीही अंधार आला. उजाडलेलं पुन्हा मावळलं. झाडावरचे कावळे एकदम गप्प झाले, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, आणि शेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या अनोळखी आजोबांनी माझा हात घट्ट धरला. कुणी कुणाशी बोललं नाही. प्रभामंडल मी पाहिलेलं नाही, पण सावलीत उभा राहिलोय, आणि ते मी विसरू शकत नाही.

आणि आता मला हे ग्रहण इतकं आपलं का वाटतं ते सांगतो. २०२७ चं ग्रहण त्याच साखळीतलं आहे, सॅरोस १३६. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तेच ग्रहण परत येतं. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पट्टा पश्चिमेकडे सरकतो. १९९१ ला हवाई-मेक्सिको, २००९ ला आपल्याकडून चीनकडे, २०२७ ला इजिप्त. सुरतेला ढगांआड गेलेलं तेच ग्रहण लक्सरच्या कोरड्या आकाशात येतंय. मी जाणार.

मिरज_मार्केट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, फार छान चर्चा. आमच्या बाजूचंही सांगतो. इस्लाममध्ये सूर्यग्रहणासाठी वेगळी नमाज आहे, सलातुल कुसूफ. ती लांबलचक असते, त्यात उभं राहणंही लांब आणि सजदाही लांब. पैगंबरसाहेबांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणायला लागले की त्यांच्या दुःखाने सूर्य झाकला गेला. तेव्हा त्यांनी सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण पाहाल तेव्हा प्रार्थना करा, दान द्या. पोटचं मूल गेलेल्या दिवशी हे सांगणारा माणूस किती मोठा, असं माझ्या मनात दरवेळी येतं.

२०२७ च्या पट्ट्यात मक्का आणि जेद्दा दोन्ही येतात. तिथे हरम शरीफमध्ये भर दुपारी अंधार होईल आणि लाखो लोक कुसूफची नमाज पढतील. माझे मामा तेव्हा उमराह करायचं म्हणतायत. माणगंगांच्या आज्जींचं दान आणि आमचं सदका, दोन्ही त्याच घडीला.

कोरेगावची_सून, डॅलस

८ एप्रिल २०२४ ला आमच्या अंगणातूनच खग्रास दिसलं. तेव्हाही सोमवती अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा! सकाळपासून ढग, मग ऐन वेळी फटी पडल्या. जवळजवळ चार मिनिटं. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्या आधी घरातच बसणार होत्या. अंधार पडायला लागला तशा स्वतःहून बाहेर आल्या. वर बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि "नारायणा" एवढंच म्हणाल्या. काठाशी लालसर ज्वाळाही नुसत्या डोळ्यांनी दिसल्या, त्या त्यांनी मला दाखवल्या, मी नव्हे.

एक सांगते: फोटो काढत बसू नका. नवऱ्याचा निम्मा वेळ कॅमेऱ्यात गेला.

वाईची_लेक

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आईला सगळं वाचून दाखवलं. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, कारण ती मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारायची. कऱ्हाडवरून खग्रास गेलं होतं हे तिला कळल्यावर म्हणाली, तिच्या पणजीच्या वेळी असणार, कुणी सांगितलं कसं नाही.

ती येतेय. पाणी पिण्याचं तिने कबूल केलंय, तुळस घालून. ऊर्जाग्रहणाचा कार्यक्रम घेत नाही. राजवाड्यासमोर म्हणतात तसं, सावली सगळ्यांना सारखीच मिळणार आहे, आणि आईला मंत्र द्यायला तिचे गुरू आहेत, सहल कंपनी कशाला हवी? जपाबद्दल तिने जुना_खगोली काकांना निरोप दिलाय: जप चालला तर चालला, थांबला तर थांबला, ती अडवणार नाही. माझ्या मते हेच तिचं आजवरचं साधन आहे, मला आत्ता ते नीट दिसलं.

माणगंगा दादा, दानाचं लक्षात आहे.

मार्ग असा धरलाय: मुंबई-कैरो थेट विमान, मग लक्सर. कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे, तिथे खंडग्रासच दिसेल, त्यामुळे आदल्या दिवशीच नव्हे तर दोन-तीन दिवस आधी लक्सरला पोचायचं. कुणाला याहून बरं काही सुचत असेल तर सांगा.

जुना_खगोली

फार बरं वाटलं. दोन सूचना. लक्सरला खग्रासाच्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, क्षितिजापासून ८० अंशांहून वर. उभं राहून सहा मिनिटं मान वर करणं आईंना झेपणार नाही. पाठीवर झोपून पाहायची सोय करा. चटई आणि उशाला काहीतरी घ्या. वाळू तापलेली असते, म्हणून चटईखाली जाड सतरंजी हवीच.

दुसरं, खग्रास लागलं की एकदा नजर खाली आणून चहूकडे क्षितिजावर फिरवा. आठही दिशांना मावळतीचा रंग दिसेल, कारण सावलीच्या पलीकडे सगळीकडे ऊनच आहे. सूर्याजवळ शुक्रही दिसेल. सहा मिनिटं आहेत, याला वेळ पुरतो. मला फत्तेपूर सिक्रीला पुरला नव्हता.

ज्यांना परदेशी जमणार नाही त्यांनी २० मार्च २०३४ लक्षात ठेवा. तेव्हाचा पट्टा कारगिल-लडाखच्या बाजूने भारतात येतो.

राजवाड्यासमोर

ताई, तुम्ही लक्सरला असाल तेव्हा इथे आम्ही शाळांमध्ये खंडग्रास दाखवणार आहोत. ऑगस्टमध्ये साताऱ्यात ढग असणारच, पण उघडीप मिळाली तर मुलांनी आत बसू नये. हरिपूरकर, तुम्ही आमच्यासोबत याल का? पंचांगाचं गणित तुम्ही मुलांना समजावून सांगा, मी चष्मे देतो. एका व्यासपीठावर आपण दोघे उभे राहिलो तर पालकही येतील.

हरिपूरकर

येईन. मात्र स्पर्शाच्या आधी माहुलीला स्नान करून मगच शाळेत पोचेन, तेवढी वेळ धरा.

प्रीतिसंगम

कऱ्हाडच्या शाळा मी बघतो. चष्मे सगळ्यांना पुरणार नाहीत, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांचे सूचिछिद्र कॅमेरे करू. बुटांची खोकी चालतात. एका टोकाला चांदीचा कागद लावून त्याला टाचणीने भोक, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद, आणि सूर्याकडे पाठ करून बघायचं. ज्यांच्याकडे रिकामी खोकी असतील त्यांनी जपून ठेवा, जुलैत गोळा करू. शाहूपुरी, तुम्ही जाण्याआधी एक दिवस येऊन मुलांना सुरतेचं सांगा.